हायट्रॅप बेन्झामिडीन (हाय सब), १ मिली: मानवी ट्रिप्सिनसाठी घ्यावा का हा कॉलम?

कॉलम चांगला आहे, पैसे वसूल होतात. पण एक गोष्ट आधीच समजून घ्या: हा कॉलम (मणी भरलेली, प्रथिन शुद्ध करायची नळी) ट्रिप्सिन (प्रथिनं कापणारं पाचक एन्झाइम) नावाचं प्रथिन पकडत नाही, काम करणारं ट्रिप्सिन पकडतो. हा फरक डोक्यात न ठेवता पहिला रन मारला की सगळा माल फ्लो-थ्रूमध्ये (न अडकता खाली गळणाऱ्या द्रवात) वाहून जातो आणि खापर फुटतं कॉलमच्या डोक्यावर. नागपुरातल्या ज्या लॅबमध्ये ई. कोलाय जिवाणूकडून मानवी ट्रिप्सिनोजेन (ट्रिप्सिनचं अजून जागं न झालेलं रूप) बनवून घ्यायचं काम चालू आहे, किंवा एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी ते करायचा विचार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलंय.

आधी वस्तू काय आहे ते. १ मिलीचा हायट्रॅप म्हणजे करंगळीच्या दोन पेरांएवढी प्लास्टिकची नळी, आतली गादी ७ मिमी रुंद आणि २५ मिमी उंच. आत सुमारे ९० मायक्रॉनचे आगरोजचे मणी, आणि त्यांवर १४ अणूंच्या लांब दोरीने बांधलेलं पॅरा-अमिनोबेन्झामिडीन (‘हाय सब’ म्हणजे मण्यांवर याची दाटी जास्त). ही दोरी शोभेची नाही. ट्रिप्सिनचा खिसा, म्हणजे कापायची साखळी जिथे अडकते ती खाच, खोल असतो, त्याच्या तळाशी ॲस्पार्टेटचा ऋण भार असतो, आणि आर्जिनिन किंवा लायसिनची धन भाराची शेंडी तिथे जाऊन बसते. बेन्झामिडीन ही त्या शेंडीची नक्कल. दोरी आखूड असती तर मण्याचा पृष्ठभाग आडवा आला असता आणि शेंडी तळापर्यंत पोचलीच नसती.

कंपनी सांगते ती क्षमता १ मिली रेझिनमागे (म्हणजे या मण्यांमागे) ३५ मिलिग्रॅम ट्रिप्सिनहून जास्त. आकडा वाचून हुरळून ५ मिलीचा कॉलम मागवू नका. एक लिटर कल्चरमधून नीट घडी बसलेलं मानवी ट्रिप्सिन हाती लागतं ते काही मिलिग्रॅम. त्याला १ मिली रेझिन पुरून उरतं. मोठ्या कॉलमवर तेवढाच माल चढवला की तो बाहेर येताना जास्त व्हॉल्यूममध्ये पसरतो, पातळ होतो, आणि पातळ ट्रिप्सिन ट्यूबच्या भिंतींना चिकटून आणखी कमी होतं.

आता मुद्द्याचं. स्वादुपिंड जे स्रवतं ते ट्रिप्सिन नसतं, ट्रिप्सिनोजेन असतं. मानवी कॅटायनिक ट्रिप्सिनोजेनच्या, म्हणजे पीआरएसएस१ जनुकाच्या प्रथिनाच्या, सुरुवातीला आठ अमिनो आम्लांची शेपटी असते: अलानिन, प्रोलिन, फेनिलअलानिन, मग ओळीने चार ॲस्पार्टेट आणि शेवटी लायसिन. लहान आतड्यातलं एन्टेरोपेप्टिडेज त्या लायसिननंतर कापतं. कापल्यावर उघडं पडलेलं आयसोल्युसिनचं टोक रेणूच्या आत वळतं, तिथल्या ॲस्पार्टेटशी जोडी जमवतं, आणि मग कुठे तो खिसा पूर्ण घडतो. त्याआधी बेन्झामिडीनला धरायला नीट जागाच नसते. म्हणून न कापलेलं ट्रिप्सिनोजेन या कॉलमवर जवळजवळ टिकतच नाही. चुकीची घडी बसलेलं, अर्धवट डायसल्फाइडवालं (घडी बांधून ठेवणारे गंधकाचे बंध अपुरे असलेलं), सगळं सरळ निघून जातं. हीच या कॉलमची खरी किंमत. हिस-टॅग (हिस्टिडीनची छोटी शेपटी, जी निकेलला चिकटते) लावून निकेल कॉलमवर चढवलं तर निकेल टॅग पाहतो, खिसा पाहत नाही. तिथे चांगला-वाईट सगळा माल एकाच पीकमध्ये (डिटेक्टरच्या रेघेच्या एकाच उंचवट्यात) येतो आणि जेलवर छान एकच पट्टा दिसतो, ज्यातला निम्मा निकामी असू शकतो.

याचाच अर्थ कॉलमच्या आधीचं काम कच्चं असेल तर कॉलम ते झाकत नाही, उघडं पाडतो.

ट्रिप्सिनोजेन ई. कोलायमध्ये बहुतेक इन्क्लुजन बॉडीजमध्येच (पेशीतल्या, घडी न बसलेल्या प्रथिनाच्या गोळ्यांत) साठतं. ते विरघळवायला ४ मोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइड, ०.१ मोलर ट्रिस पीएच ८, २ मिलिमोलर ईडीटीए आणि ३० मिलिमोलर डीटीटी, ३७ अंशांवर अर्धा तास. मग १०० पट पातळ करायचं, म्हणजे १ मिली थेंबाथेंबाने १०० मिली थंड रिफोल्डिंग (पुन्हा घडी बसवण्याच्या) बफरमध्ये: ०.९ मोलर ग्वानिडीन, ट्रिस, ईडीटीए, १ मिलिमोलर सिस्टिन (cystine) आणि २ मिलिमोलर सिस्टीन (cysteine). (ही दोन वेगळी रसायनं आहेत, बाटलीवरचं नाव दोनदा वाचा. पहिल्याने डायसल्फाइड बंध जुळतात, दुसऱ्याने चुकीचे जुळलेले सुटतात.) रात्रभर ४ अंशांवर. पीआरएसएस१मध्ये पाच डायसल्फाइड बंध जुळायचे असतात, घाई करून चालत नाही.

सकाळी हा १०० मिलीचा बफर तसाच कॉलमवर ओतायचा मोह होतो. करू नका. ग्वानिडीन म्हणजे आर्जिनिनच्या शेंडीचंच टोक. ०.९ मोलर ग्वानिडीन त्याच खिशात गर्दी करतं आणि बेन्झामिडीनला जागा मिळत नाही. ते डायलिसिसने, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्याच्या नळीत भरून बाहेरच्या बफरमध्ये उतरू देऊन, काढा. १२ ते १४ किलोडाल्टन कटऑफची नळी चालते. डायलिसिसमध्ये पांढरे कण दिसतील, ते चुकीच्या घडीचं प्रथिन, त्याचं दुःख करू नका. सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जीवर (गुरुत्वाच्या १०,००० पट) २० मिनिटं फिरवा, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. हे टाळलं तर वरची जाळी तुंबते, आणि हायट्रॅपची दाब सोसायची ताकद ०.३ मेगापास्कलपर्यंतच. सिरिंजने चालवत असाल तर अंगठ्याला जोर लावावा लागतोय हेच तुमचं प्रेशर गेज समजा आणि थांबा.

आणखी एक खड्डा, ज्यात सगळ्यात जास्त लोक पडतात: पेशी फोडताना सवयीने टाकलेलं प्रोटिएज इन्हिबिटर कॉकटेल (प्रथिनं कापणारी एन्झाइम रोखणारं मिश्रण). त्यात बेन्झामिडीन असेल तर ते मोकळं फिरून खिसा अडवतं. पीएमएसएफ असेल तर आणखी वाईट, ते सक्रिय सेरिनलाच कायमचं चिकटतं. इन्क्लुजन बॉडीज धुण्यात बराचसा भाग निघतो, पण नंतर पुढच्या कुठल्याही बफरमध्ये यातलं काही टाकू नका. ज्याला पकडायचं त्यालाच बांधून ठेवून मग पकडायला निघणं, असला प्रकार होतो.

ॲक्टिव्हेशन: ०.१ मोलर ट्रिस पीएच ८, १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, थोडं एन्टेरोकायनेज (वरच्या एन्टेरोपेप्टिडेजचंच दुसरं नाव), २२ ते २५ अंश. मानवी कॅटायनिक ट्रिप्सिनोजेन स्वतःलाही कापून जागं होतं, त्यामुळे सुरुवात झाली की वेग धरतं. दर दहा मिनिटांनी ५ मायक्रोलिटर काढून बीएपीएनएवर (ट्रिप्सिनने कापलं की पिवळं होणारं रसायन) टाका, ४०५ नॅनोमीटरला पिवळेपणा मोजा. आकडा वाढायचा थांबला की लगेच कॉलमवर. दुपारच्या जेवणानंतर बघू म्हटलंत तर तेवढ्यात ट्रिप्सिन ट्रिप्सिनला खायला लागलेलं असतं. कॅल्शियम हे रोखायलाच मदत करतं, ते बसलं की रेणूचा एक मऊ वळसा घट्ट होतो. डायलिसिसनंतर ईडीटीए उरलं असेल तर तुमचं कॅल्शियम ते गिळतं, तेवढं वाढवून टाका. फॉस्फेट बफर मात्र या कामात कुठेच नको: कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा साका कॉलमच्या डोक्यावर बसतो.

एन्टेरोकायनेज विकत घेताना एक चौकशी करा. तेही ट्रिप्सिनच्याच घराण्यातलं, लायसिननंतर कापणारं, त्यामुळे बेन्झामिडीनवर तेही बसतं आणि तुमच्या शुद्ध फ्रॅक्शनमध्ये (कॉलममधून गोळा केलेल्या हिश्श्यात) येऊन बसतं. हिस-टॅगवालं घेतलं तर आधी निकेलच्या थोड्या मण्यांवर ते काढून टाकता येतं. फक्त त्या टप्प्यावर ईडीटीए शिल्लक असू नये, नाहीतर निकेलच निघून जाईल.

प्रत्यक्ष रन साधा आहे. कॉलम येतो तो २० टक्के इथेनॉल आणि पीएच ४च्या ॲसिटेट बफरमध्ये. आधी ५ मिली पाणी, मग १० मिली बाइंडिंग बफर: ५० मिलिमोलर ट्रिस, ०.५ मोलर मीठ, पीएच ८. या मिठात काटकसर नको. बेन्झामिडीनवर धन भार असतो, मीठ कमी पडलं तर कॉलम आयन एक्स्चेंजरसारखा वागतो आणि डीएनए, आम्लधर्मी प्रथिनं वगैरे सगळा पसारा चिकटवून घेतो. सॅम्पलमध्येही तेवढंच मीठ घाला. लोडिंग मिनिटाला अर्धा मिली, सिरिंज असेल तर साधारण पंधरा थेंब. कंपनी ४ मिलीपर्यंत वेग चालतो म्हणते, पण तेवढी घाई इथे कशाला? फ्लो-थ्रू फेकू नका, त्यावर बीएपीएनए करा. त्यात ॲक्टिव्हिटी असेल तर बांधणी फसली. ॲक्टिव्हिटी नाही पण प्रथिन भरपूर असेल तर ॲक्टिव्हेशन किंवा रिफोल्डिंग फसलं. या एका चाचणीवर अर्ध्या तक्रारींचा निकाल लागतो.

धुलाई १० मिली, डिटेक्टरवरचं २८० नॅनोमीटरचं शोषण तळाला येईपर्यंत. मग सोडवणं, आणि इथे दोन रस्ते आहेत.

पहिला, २० मिलिमोलर पॅरा-अमिनोबेन्झामिडीन त्याच बफरमध्ये. ऐकायला सभ्य वाटतं, पीएच बदलत नाही. पण हे रसायन स्वतःच २८० नॅनोमीटरच्या आसपास जबरदस्त शोषण करतं. डिटेक्टरची रेघ जी वर जाते ती खाली येतच नाही, आणि पीक कुठे सुरू झालं, कुठे संपलं, काही कळत नाही. वर फ्रॅक्शनमध्ये ते उरतं, एन्झाइम बांधलेलंच राहतं आणि बीएपीएनए शून्य दाखवतो. मग आम्लात डायलिसिस करून ते काढत बसा.

दुसरा रस्ता आम्लाचा: १० मिलिमोलर एचसीएल, ०.५ मोलर मीठ, पीएच २. खिशाच्या तळाचं ॲस्पार्टेट प्रोटॉन घेतं, भार जातो, बेन्झामिडीन सुटतं. ट्रिप्सिन आम्लात मरत नाही, उलट झोपतं: त्याच्या सक्रिय जागेतलं हिस्टिडीन प्रोटॉनने बांधलं जातं आणि स्वतःला खाणं थांबतं. आमचं मत सरळ, हाच रस्ता. अर्धा-अर्धा मिलीचे फ्रॅक्शन बर्फात घ्या. बहुतेक सगळं पहिल्या दोन-तीन मिलीत येतं. ‘ॲसिडमधून काढलं की लगेच ट्रिसने न्यूट्रल करा’ ही अँटिबॉडीच्या कॉलमवरची सवय इथे आणू नका. पीएच ८ला नेलंत की एकवटलेलं ट्रिप्सिन एकमेकांवर तुटून पडतं. आम्लातच ठेवा, लागेल तेव्हा लागेल तेवढंच कॅल्शियमवाल्या बफरमध्ये काढा.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल वेगळं लिहावंच लागेल, कारण प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर २५ अंशांची खोली असते. ट्रिसचा पीएच तापमानासोबत दर अंशाला साधारण ०.०२८ने घसरतो. एसीत २५ अंशांवर ८.० केलेला बफर ४ अंशांवर ८.६ होतो, आणि मे महिन्यात कूलरवर चाललेल्या ४० अंशांच्या खोलीत ७.६. बांधणी दोन्हीकडे होते, पण ८.६ला ट्रिप्सिन आपलंच जास्त खातं, शिवाय रेझिनलाही आठच्या वरचा पीएच फार वेळ आवडत नाही. ज्या तापमानाला रन करणार त्याच तापमानाला पीएच लावा.

दुसरी भानगड बुडबुड्यांची. फ्रिजमधून काढलेला बफर तापलेल्या खोलीतल्या कॉलममध्ये शिरला की त्यात विरघळलेली हवा आतच सुटते. नळीच्या पारदर्शक भिंतीतून बघितलं तर वरच्या बाजूला आधी एक चंदेरी रेष दिसते, मग ती भेग होऊन खाली सरकते, आणि सॅम्पल त्या भेगेतून मण्यांना न शिवता पळतं. कॉलम, बफर, सॅम्पल तिन्ही एकाच तापमानाला आणा, बफर आधी डीगॅस करा (विरघळलेली हवा काढून टाका). कोल्ड रूम नसेल तर थर्माकोलच्या खोक्यात चुरलेला बर्फ भरून त्यात कॉलम उभा करून सिरिंजने चालवणं हा पूर्ण चालणारा उपाय आहे. तिसरी गोष्ट, कूलरच्या दमट हवेत कॅल्शियम क्लोराइडची उघडी बाटली पाणी पिते. वजन बरोबर, मोलॅरिटी चूक. डायहायड्रेट घ्या आणि बाटली डेसिकेटरमध्ये ठेवा.

जेलवर तपासताना घोटाळा होतो तो सॅम्पल बफरमध्ये. जेलसाठी प्रथिन उलगडणारं एसडीएस घातल्यावर उकळेपर्यंतच्या काही क्षणांतही ट्रिप्सिन काम उरकतं आणि जेलवर पायऱ्या दिसतात. आधी १० टक्के टीसीएने (ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने) साका पाडा, मग एसडीएस. शुद्ध माल सुमारे २४ किलोडाल्टनला एक पट्टा देतो. रिड्यूसिंग जेलवर त्याखाली साधारण ११ आणि १३चे दोन पट्टे दिसले तर कॉलमला दोष देऊ नका. आर्जिनिन १२२ला ट्रिप्सिनने स्वतःला कापलंय, तुकडे डायसल्फाइडने जोडलेलेच आहेत, खिसा शाबूत आहे, म्हणून हा दोन साखळ्यांचा प्रकारही कॉलमवर तितकाच घट्ट बसतो. ही दोन रूपं वेगळी करणं याच्या आवाक्याबाहेर. आनुवंशिक स्वादुपिंडदाहाशी १९९६ साली जोडला गेलेला आर१२२एच बदल (१२२व्या आर्जिनिनच्या जागी हिस्टिडीन) याच जागेचा, त्यामुळे तो म्युटंट बनवलात तर हे पट्टे दिसणार नाहीत. किती रेणू खरोखर जिवंत आहेत हे ब्रॅडफर्ड (एकूण प्रथिन मोजणारी चाचणी) सांगत नाही, त्यासाठी एनपीजीबीने ॲक्टिव्ह साइट टायट्रेशन, म्हणजे काम करणाऱ्या सक्रिय जागांची मोजणी, करा. आणि ई. कोलायचा माल हुबेहूब स्वादुपिंडातला नसतो हे लक्षात ठेवा: माणसाच्या शरीरात टायरोसिन १५४वर सल्फेट लागतं, जिवाणू ते लावत नाही.

पर्यायांमध्ये सोयाबीन ट्रिप्सिन इन्हिबिटर बांधलेलं आगरोज मिळतं. कॅटायनिक ट्रिप्सिनला उत्तम पकडतं, पण लिगंड (मण्यावर बांधलेला पकडणारा रेणू) प्रथिन असल्याने रनागणिक कुरतडलं जातं. आणि तुमचं काम पीआरएसएस३ जनुकाच्या मेसोट्रिप्सिनवर (माणसातल्याच ट्रिप्सिनच्या वेगळ्या प्रकारावर) असेल तर तो विचार सोडा: ते या इन्हिबिटरला जुमानत नाही, उलट कापून टाकतं. बेन्झामिडीन छोटं आहे, खिशात सरळ जातं, त्याला मेसोट्रिप्सिनही चालतं. काइमोट्रिप्सिनसाठी मात्र हा कॉलम नाही, त्याच्या खिशाला फेनिलअलानिनसारख्या ॲरोमॅटिक वलयांची आवड.

नुसत्या प्रात्यक्षिकापुरतं पाचक एन्झाइम आणि ॲफिनिटी दाखवायची असेल तर इतका खर्च करूच नका. लाळेतलं अमायलेज घ्या. ५ मिलीच्या सिरिंजमध्ये तळाला काचेचा कापूस, वर धुतलेला, न शिजवलेला बटाट्याचा स्टार्च; फिरवून स्वच्छ केलेली थंड लाळ त्यातून सोडा. गाळून आलेली लाळ स्टार्चच्या द्रावणात घालून आयोडिनचा निळा रंग मूळ लाळेपेक्षा किती उशिरा जातो ते बघा. एमिल स्टार्केनस्टाइनने १९१० साली अमायलेज असंच स्टार्चवर पकडलं होतं. क्वात्रेकासास, विल्चेक आणि ॲन्फिन्सन यांनी ‘ॲफिनिटी क्रोमॅटोग्राफी’ हे नाव रूढ केलं ते १९६८मध्ये. अडकलेलं अमायलेज शुद्ध स्वरूपात सोडवून घेणं मात्र किचकट, प्रात्यक्षिकाला गाळून आलेल्या लाळेतली घट पुरे.

मागवताना विक्रेत्याला सांगून पार्सल आठवड्याच्या सुरुवातीला निघेल असं बघा, म्हणजे शनिवार-रविवार ते कुरिअरच्या गोदामात तापत पडणार नाही. जेल पॅक वितळलेलं आलं म्हणून मात्र लगेच परत पाठवू नका, पीएच ४ आणि इथेनॉलमध्ये रेझिन दोन दिवसांची ऊब सोसतं. त्याला खरं भय गोठण्याचं. आपल्याकडे महागडं काही आलं की थेट उणे २०मध्ये ठेवायची खोड आहे. गोठलेले मणी फुटतात, त्यांचा चुरा जाळीत बसतो आणि कॉलम संपला. जागा ४ ते ८ अंश, फ्रिजरच्या भिंतीला टेकवून नाही.

स्वच्छतेचीही एक मर्यादा आहे. इतर सेफारोजसारखं (आगरोजच्या मण्यांचं बाजारातलं नाव) सोडियम हायड्रॉक्साइडने याला धुता येत नाही, अल्कलीत अमिडीनचंच विघटन होतं. साका बसला असेल तर ६ मोलर ग्वानिडीन, थोडाच वेळ, आणि लगेच बफरने धुऊन टाका. स्निग्ध मळ असेल तर ७० टक्के इथेनॉल. रन संपल्यावर आणखी २ मिली आम्ल सोडून शेवटचा थेंब बीएपीएनएवर टाका. पिवळा झाला तर आत ट्रिप्सिन अजून आहे, आणि पुढच्या वेळी म्युटंट चढवाल तेव्हा हेच त्यात मिसळून येईल. म्युटंटांची तुलना करणार असाल तर प्रत्येकाला वेगळा कॉलम ठेवा, नळीवर परमनंट मार्करने नाव लिहा. मार्कर इथेनॉलने पुसला जातो, म्हणून वरून सेलोटेप.

बंद करताना १० मिली ॲसिटेट-इथेनॉल, आधी खालचं टोपण, मग वर बफरचा थेंब उभा राहील इतकं भरून वरचं. उलट केलं तर हवा आत राहते, आणि पुढच्या रनला तीच चंदेरी रेष.